चुकांच्या वहीत काय लिहावे? सॅट परीक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची आहेत आणि त्या सगळ्यांचा रोख एकाच परीक्षेकडे, अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रवेशासाठी दिल्या जाणाऱ्या सॅटकडे, आहे. ज्यांच्या डोळ्यांसमोर अजून कागदावरची, तीन तासांची सॅट आहे, त्यांच्यासाठी आरंभीच थोडी माहिती देतो. अमेरिकेत मार्च २०२४ पासून ही परीक्षा संगणकावर, ‘ब्लूबुक’ नावाच्या ॲपमध्ये घेतली जाते. वाचन-लेखनाच्या विभागात ६४ मिनिटांत ५४ प्रश्न आणि गणिताच्या विभागात ७० मिनिटांत ४४ प्रश्न असतात. मध्ये दहा मिनिटांची सुटी मिळते. प्रत्येक विभागाला २०० ते ८०० गुण, म्हणजे एकूण ४०० ते १६०० गुण असतात. विभागाचे दोन भाग पाडलेले असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात, आणि पहिल्या मॉड्यूलमध्ये विद्यार्थी कसा उतरला त्यावरून दुसरे मॉड्यूल सोपे द्यायचे की अवघड, हे ठरते. आता पत्रांकडे वळू.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. उन्हाळ्याच्या सुटीपासून तो जवळजवळ दर शनिवारी पूर्ण सराव परीक्षा देतो. आतापर्यंत अकरा झाल्या. पहिल्या परीक्षेत १२८० गुण होते, त्यानंतर १३१०, १२९०, पुन्हा १३०० असे चालले आहे. तो आळशी नाही, मेहनत करतो, पण आकडा हलत नाही. आणखी किती परीक्षा दिल्या म्हणजे फरक पडेल? (एक आई, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण न लिहिलेली आहे: शनिवारी परीक्षा झाल्यावर रविवारी काय होते? मी गेली अनेक वर्षे या वयाच्या मुलांना गणित शिकवतो आणि अशी तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तर बहुधा असे येते की मुलगा गुण पाहतो, चुकलेल्या प्रश्नांची बरोबर उत्तरे वाचतो, ‘अरे, हे तर येत होते’ असे म्हणतो आणि पुढच्या शनिवारची वाट पाहतो. तसे असेल तर आणखी अकरा परीक्षा दिल्या तरी आकडा १२८० आणि १३२० यांच्यामध्येच झोके घेत राहील. त्या झोक्यांना फारसा अर्थही नाही. कॉलेज बोर्ड, म्हणजे ही परीक्षा घेणारी संस्था, स्वतः गुणपत्रिकेवर प्रत्येक आकड्याच्या अलीकडे-पलीकडे एक पट्टा दाखवते, कारण तोच विद्यार्थी त्याच तयारीनिशी दुसऱ्या दिवशी बसला तर गुण थोडे मागे-पुढे होणारच, हे परीक्षा घेणाऱ्यांनाही मान्य आहे. १२९० वरून १३१० झाले म्हणून घरात आनंद आणि १३१० वरून १२९० झाले म्हणून सुतक, हे दोन्ही कृपया बंद करावे.

सराव परीक्षेचे काम मोजण्याचे आहे. शिकणे घडते ते ती संपल्यानंतर, आणि त्याला परीक्षेइतकाच, किंबहुना अधिक वेळ द्यावा लागतो. मी मुलांना जी रीत सांगतो ती अशी. परीक्षा संपल्यावर त्याच दिवशी उत्तरे पाहायची नाहीत. परीक्षा देतानाच ज्या प्रश्नांबद्दल शंका वाटली त्यांवर खूण केलेली असते (ॲपमध्ये तशी सोय आहे). दुसऱ्या दिवशी कोणता प्रश्न चुकला एवढेच पाहायचे, बरोबर पर्याय झाकून ठेवायचा आणि चुकलेले व खूण केलेले सगळे प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवायचे. या एका कृतीने चुकांचे दोन ढीग होतात. वेळ मिळताच जे सुटले ते प्रश्न विद्यार्थ्याला येत होते, पण घाईत किंवा वाचण्यात काहीतरी निसटले. वेळ देऊनही जे सुटले नाहीत ते त्याला येतच नाहीत. दोन्ही ढिगांवरचे औषध वेगळे आहे आणि ते एकमेकांना लागू पडत नाही. ज्याला वर्तुळाचे समीकरण माहीत नाही त्याला ‘नीट लक्ष दे’ असे सांगून उपयोग नाही, आणि ज्याने घाईत प्रश्नाची शेवटची ओळ सोडली त्याला वर्तुळावरची पन्नास गणिते देणे म्हणजे शिक्षा आहे.

यानंतर येते चुकांची वही. ‘सिली मिस्टेक’ हे शब्द त्या वहीत लिहायला माझ्याकडे बंदी आहे, कारण ते लिहिले की विचार तिथेच थांबतो. प्रत्येक चुकीसाठी तीन गोष्टी लिहायच्या: मी काय निवडले, ते निवडताना माझ्या मनात काय चालले होते, आणि पुढच्या वेळी हात नेमके काय वेगळे करणार. एका मुलाच्या वहीतील नोंद जवळपास त्याच्याच शब्दांत देतो. प्रश्न असा होता: ३क्ष + ७ = २२ असेल तर ६क्ष + १४ ची किंमत किती? नोंद अशी: ‘मी ५ निवडले. क्ष काढला आणि आनंदाने थांबलो. पर्यायांत ५ होतेच, म्हणून शंकाही आली नाही. पुढच्या वेळी पर्याय निवडण्याआधी, काय विचारले आहे त्या शब्दांवर माऊस नेऊन ठेवीन.’ नोंद उत्तम होती. मी तिच्याखाली एकच ओळ लिहिली: दोन्ही बाजू दुप्पट केल्या की उत्तर ४४ येते, क्ष काढावा लागतच नाही. चूक टाळण्याचा उपाय त्याने स्वतः शोधला होता. तो प्रश्न कशासाठी रचला होता, हे मात्र त्याला तेव्हा कळले. पर्यायांत ५ हा आकडा योगायोगाने आलेला नसतो, तो घाईत असलेल्या मुलासाठीच मांडून ठेवलेला असतो.

वाचनाच्या प्रश्नावरची दुसरी नोंद पाहा. शहरातील गोंगाटात काही पक्षी अधिक उंच पट्टीत गाताना आढळतात, अशा आशयाचा उतारा होता. मुलीने निवडलेला पर्याय ‘गोंगाटामुळे पक्षी आपले गाणे बदलतात’ अशा अर्थाचा होता. तिने आधी लिहिले होते, ‘नीट वाचले नाही.’ मी ती नोंद परत केली. दुसऱ्यांदा तिने लिहिले: ‘उताऱ्यात “काही पक्षी” होते, पर्यायात सगळे झाले. उताऱ्यात “आढळतात” होते, पर्यायात “मुळे” आले. विषय ओळखीचा होता, म्हणून मी उताऱ्याऐवजी माझ्या माहितीतून उत्तर दिले.’ या तीन वाक्यांत त्या मुलीच्या वाचनाच्या निम्म्या चुकांचे मूळ होते. पुढचे तीन आठवडे ती प्रत्येक पर्यायातील ‘काही’, ‘बहुतेक’, ‘सर्व’ आणि ‘मुळे’ या अर्थाच्या शब्दांखाली मनातल्या मनात रेघ मारत असे.

दुसऱ्या ढिगाची वही वेगळी चालते. एखादी रक्कम २० टक्क्यांनी वाढवून पुन्हा २० टक्क्यांनी कमी केली की ती पूर्वीइतकीच होते, असे मुलाला वाटत असेल तर तिथे नोंद लिहून भागणार नाही. शंभराचे एकशेवीस आणि एकशेविसाचे शहाण्णव होताना त्याने स्वतः पाहिले पाहिजे, दुसरे २० टक्के कशाचे होते हे त्याने आपल्या तोंडाने सांगितले पाहिजे, आणि मग त्याच प्रकारचे दहा-बारा प्रश्न सोडवले पाहिजेत. कॉलेज बोर्डाची प्रश्नपेढी विनामूल्य आहे आणि तिच्यात विषय, कौशल्य व काठिण्यपातळी निवडून प्रश्न काढता येतात. खान अकादमी या शैक्षणिक संकेतस्थळावरील अधिकृत सरावही विनामूल्य आहे. गणितात कोठून सुरुवात करावी याबद्दल शंका असेल तर बीजगणितापासून करावी. साधे बीजगणित आणि त्यापुढचे, म्हणजे वर्गसमीकरणे, घातांकी फले वगैरे, मिळून सुमारे ७० टक्के गणित विभाग व्यापतात. भूमिती आणि त्रिकोणमिती यांच्या वाट्याला सुमारे १५ टक्केच येतात.

तेव्हा आपल्या मुलाने पुढचे तीन शनिवार एकही परीक्षा देऊ नये. आधीच्या अकरांपैकी शेवटच्या दोन बाहेर काढाव्यात, त्यांतील चुकांचे वर सांगितल्याप्रमाणे ढीग करावेत आणि त्यांवर काम करून चौथ्या शनिवारी परीक्षेला बसावे. ब्लूबुकमधील अधिकृत सराव परीक्षा मोजक्याच आहेत. खऱ्या परीक्षेप्रमाणे दुसरे मॉड्यूल बदलते ठेवणाऱ्या आणि गुणांचा विश्वासार्ह अंदाज देणाऱ्या त्याच असल्याने त्या पुरवून पुरवून वापराव्यात. आणि आई म्हणून आपल्याला एक विनंती: परीक्षा झाल्यावर ‘किती पडले?’ हा प्रश्न एक महिना विचारू नये. त्याऐवजी त्याला एखादा चुकलेला प्रश्न आपल्याला समजावून सांगायला लावावा. आपल्याला गणित येत नसेल तर अधिकच चांगले.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी आम्ही भारतातून टेक्ससला आलो. माझे गणित ७४० पर्यंत जाते, पण वाचन-लेखनात ५९० च्या पुढे मी जात नाही. घरी आम्ही मराठीच बोलतो. मोठ्या बहिणीच्या मैत्रिणीने मला तीन हजार कठीण इंग्रजी शब्दांची यादी दिली आहे आणि मी रोज तीस शब्द पाठ करते. हे पुरेल का? (अकरावीतील एक विद्यार्थिनी)

उत्तर : ती यादी बाजूला ठेव. ती वाईट आहे म्हणून नव्हे. ती एका जुन्या परीक्षेसाठी केलेली आहे. पूर्वी सॅटमध्ये शब्दांच्या जोड्यांचे साम्य ओळखण्याचे प्रश्न असत, ते २००५ मध्ये गेले. दुर्मीळ शब्द गाळलेल्या जागी भरण्याचे जुन्या धर्तीचे प्रश्न २०१६ मध्ये गेले. त्या काळच्या याद्या मात्र एका पिढीकडून दुसरीकडे वारसाहक्काने जात राहिल्या. आज शब्दांवरचे प्रश्न आहेतच, पण तिथे ओळखीच्या शब्दाचा त्या वाक्यातला नेमका अर्थ किंवा शास्त्रीय, विवेचक लेखनात नेहमी भेटणारा शब्द विचारला जातो. अशा प्रश्नात पर्याय पाहण्याआधी रिकाम्या जागी स्वतःचा एक साधा शब्द घालून पाहावा. तो मराठी असला तरी चालेल! ‘इथे विरोध केला असा काहीतरी अर्थ हवा’ एवढे ठरले की चारांपैकी दोन पर्याय आपोआप गळतात.

तुझे गुण सर्वांत लवकर वाढतील ते व्याकरणाच्या आणि वाक्यरचनेच्या प्रश्नांत. या विभागाचा सुमारे चौथा हिस्सा तेवढ्यावरच आहे, आणि तिथले नियम मोजके व पक्के आहेत. त्यांतही दोन वाक्यांच्या सीमेवरचे विरामचिन्ह हा परीक्षकांचा आवडता विषय आहे: दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत, त्यांच्यामध्ये पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो, किंवा स्वल्पविरामाबरोबर उभयान्वयी अव्यय लागते. हे समजल्यावर ‘हाउएव्हर’चा प्रश्न येतो. दोन वाक्यांच्या मध्ये हा शब्द असतो आणि अर्धविराम त्याच्या अलीकडे द्यायचा की पलीकडे, हे विचारलेले असते. मराठी मुलांना मी इथे आपला ‘मात्र’ आठवायला सांगतो. ‘रोप अंधारात कोमेजेल असे संशोधकांना वाटले होते, ते मात्र आठवडाभर वाढत राहिले.’ इथे विरोध दुसऱ्या वाक्यात आहे, म्हणून ‘हाउएव्हर’ दुसऱ्या वाक्याबरोबर जाईल आणि अर्धविराम त्याच्या अलीकडे येईल. पण त्याआधी आणखी एखादे वाक्य असेल आणि विरोध त्याच्याशी असेल, पुढचे वाक्य फक्त खुलासा करत असेल, तर ‘हाउएव्हर’ मागच्या वाक्याच्या शेपटीला बसतो आणि अर्धविराम त्याच्या पलीकडे जातो. ‘मात्र’ कोणत्या वाक्यात घातला तर कानाला बरोबर लागतो ते पाहायचे. घरी मराठी बोलली जाते हे या प्रश्नात तुझे बळ आहे.

वाचनासाठी आता जुन्यासारखे लांबलचक उतारे नसतात. प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र, २५ ते १५० शब्दांचा उतारा असतो. त्यामुळे थकवा कमी येतो, पण दर सव्वा मिनिटाला विषय बदलतो: आत्ता कविता, लगेच समुद्री जीवशास्त्र. रोज वीस मिनिटे विज्ञान, इतिहास आणि साहित्य यांवरचे चांगले इंग्रजी लेखन वाच आणि प्रत्येक परिच्छेदानंतर डोळे मिटून तो एका मराठी वाक्यात सांग. वाक्य सांगता आले नाही तर परिच्छेद कळलेला नाही, मग त्यातले सगळे शब्द ओळखीचे का असेनात. आणखी एक छोटी गोष्ट: प्रत्येक मॉड्यूलमध्ये प्रश्न ठरावीक क्रमाने येतात. शब्दार्थ आधी, मग उताऱ्याचे आकलन, मग व्याकरण, आणि शेवटी जोडशब्द व टिपणांवरचे प्रश्न. व्याकरणाचे प्रश्न कमी वेळात होतात. आकलनाच्या एखाद्या अवघड प्रश्नावर तू तीन मिनिटे घालवत असशील तर त्याची किंमत शेवटच्या, सोप्या प्रश्नांना मोजावी लागते. त्यावर खूण कर, एक पर्याय निवडून ठेव आणि पुढे जा. मॉड्यूल संपेपर्यंत परत येता येते.

प्रश्न : माझ्या मुलीला परीक्षेत गणिताचे दुसरे मॉड्यूल एकदम अवघड आले आणि ती घाबरली. शेवटचे चार प्रश्न तिने कोरे सोडले, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापतात असे तिला मी सांगितले होते. माझे चुकले का? (एक वडील, इलिनॉय)

उत्तर : होय, चुकले; पण आपण एकटे नाही. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापण्याची पद्धत सॅटमध्ये खरोखरच होती आणि ती २०१६ मध्ये बंद झाली. आता काहीही कापले जात नाही. एकही जागा कोरी ठेवू नये. पर्यायी प्रश्नाला चार पर्याय असतात आणि एखादा जरी खात्रीने बाद करता आला तरी अंदाजाचे पारडे जड होते. गणितातील सुमारे चौथा हिस्सा प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः टंकावे लागते. तिथेही काहीतरी भरून ठेवायला हरकत नाही.

दुसरे मॉड्यूल अवघड आले ही मात्र आनंदाची बातमी होती. पहिले मॉड्यूल चांगले गेले तरच अवघड मॉड्यूल मिळते, आणि सोप्या मॉड्यूलमधून गाठता येणाऱ्या गुणांना वरची मर्यादा असते. हे मुलीला आधी ठाऊक असते तर ती घाबरली नसती. मात्र परीक्षा चालू असताना ‘आता मला सोपे आले की अवघड?’ असा तर्क करत बसणे तितकेच घातक आहे. प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन प्रश्न असे असतात की ज्यांचे गुण धरलेच जात नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी तपासून पाहिले जात असतात. एखादा विचित्र प्रश्न त्यांतलाही असू शकतो. गणितात २२ प्रश्नांना ३५ मिनिटे मिळतात, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिटाहून थोडे अधिक. प्रश्न साधारणपणे सोप्याकडून अवघडाकडे जातात, तेव्हा पहिले दहा प्रश्न दहा मिनिटांत करून उरलेला वेळ शेवटच्या सहा-सात प्रश्नांसाठी राखावा. पहिल्या दहांची घाई मात्र इतकी करू नये की त्यांतलाच एखादा चुकेल.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक आहे आणि सध्या मुलाकडे राहायला आलो आहे. नातू साधे समीकरणसुद्धा संगणकावरील आलेख काढणाऱ्या गणकयंत्रात घालतो आणि परीक्षेत तशी परवानगी आहे असे सांगतो. ही परीक्षा गणिताची आहे की यंत्राची? (एक आजोबा)

उत्तर : आपला नातू खरे सांगतो आहे. परीक्षेच्या ॲपमध्येच ‘डेस्मॉस’ हे आलेखी गणकयंत्र दिलेले असते आणि ते गणिताच्या संपूर्ण विभागात वापरता येते. आपली नाराजी मला समजते, आणि तरीही ते यंत्र त्याने नीट शिकावे असेच मी म्हणेन. एक उदाहरण घेऊ. २क्ष² − ८क्ष + क = ० या समीकरणाला एकच मूळ असेल तर क किती? आपण विवेचक (समीकरणाला किती मुळे आहेत हे सांगणारी राशी) शून्य धरून ६४ − ८क = ० लिहाल आणि कागदावर पंधरा सेकंदांत क = ८ सांगाल. नातू आलेख काढून ‘क’साठी सरकपट्टी ओढत बसेल आणि वक्र अक्षाला नेमका कधी टेकतो ते पाहील, त्याला मिनिट लागेल. इथे आपण जिंकलात. पण दोन वक्र कोठे छेदतात, एखाद्या तक्त्यातील बिंदूंना कोणती रेषा जवळची आहे, असे विचारले की तो आपल्या पुढे जाईल. परीक्षेत खरे कौशल्य कोणता प्रश्न हाताने करायचा आणि कोणता यंत्राकडे द्यायचा हे पाच सेकंदांत ओळखण्याचे आहे, आणि ते दोन्ही रीती येणाऱ्यालाच जमते. आपण दोघांनी रोज पाच प्रश्न घ्यावेत, आपण हाताने, त्याने यंत्राने, आणि कोणाला किती वेळ लागला ते मांडून ठेवावे. आपली नाराजी थोडी कमी होईल, आणि त्याला विवेचकाचा उपयोग कळेल.

प्रश्न : एका शिकवणीवर्गाने ‘२०० गुण वाढण्याची हमी’ दिली आहे. शुल्क बरेच आहे. घ्यावी का? (एक पालक, व्हर्जिनिया)

उत्तर : त्यांना एकच प्रश्न विचारा: २०० गुण कोठून मोजणार? वर्गाने स्वतः तयार केलेली पहिली चाचणी मुद्दाम अवघड ठेवली की पहिले गुण कमी येतात आणि ‘वाढ’ आपोआप दिसते. माझ्या ओळखीच्या एका घरी हेच घडले. वर्गाच्या चाचणीत मुलाला १०९० मिळाले, त्याच आठवड्यात ब्लूबुकवर १२३०. हमीच्या अटींत उपस्थिती, गृहपाठ, चाचण्यांची संख्या यांचे जे बारीक अक्षर असते तेही वाचावे. चांगल्या शिक्षकाचा उपयोग होतो, नाही असे नाही. विशेषतः ज्या मुलाला स्वतःच्या चुकांपुढे एकट्याने बसवत नाही त्याच्याजवळ कोणीतरी बसणे मोलाचे असते. म्हणून वर्ग निवडताना शिक्षक मुलाच्या चुकलेल्या उत्तरावर किती वेळ थांबतो, ते एका तासाला बसून पाहावे. फळ्यावर स्वतःच भराभर सोडवून दाखवणारा शिक्षक पाहायला छान वाटतो, पण त्या तासाला मुलाची वही कोरीच राहते.

प्रश्न : मुलीला पहिल्या परीक्षेत १४२० मिळाले. पुन्हा बसावे का? कितीदा? आता बरीच विद्यापीठे गुण मागतच नाहीत असे ऐकतो, मग हा खटाटोप कशासाठी? (एक पालक, कॅलिफोर्निया)

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण आपण कॅलिफोर्नियात आहात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कोणत्याही शाखेत प्रवेश देताना सॅट किंवा ॲक्ट (सॅटसारखीच दुसरी प्रवेश परीक्षा) यांचे गुण विचारात घेतले जात नाहीत. मुलीला फक्त तिथेच अर्ज करायचा असेल तर ही परीक्षा विसरून शाळेतील गुण, विषयांची निवड आणि निबंध यांकडे लक्ष द्यावे. राज्याबाहेर मात्र वारा उलटा वाहू लागला आहे. कोविडच्या महासाथीच्या काळात अनेक ठिकाणी गुण ऐच्छिक झाले होते. एमआयटीने २०२२ मध्ये ते पुन्हा अनिवार्य केले, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक आणि ऑस्टिनचे टेक्सस विद्यापीठ यांनी तसाच निर्णय जाहीर केला. गुण ऐच्छिक असलेली विद्यापीठेही पुष्कळ आहेत. प्रत्येक विद्यापीठाचे त्या वर्षीचे धोरण त्याच्या स्वतःच्या प्रवेश विभागाच्या पानावर पाहावे. शेजाऱ्याच्या मुलाच्या वेळचे धोरण आज लागू असेलच असे नाही.

पुन्हा बसण्याबाबत माझे मत असे आहे की दुसऱ्यांदा जरूर बसावे, तिसऱ्यांदा कारण असेल तर बसावे, आणि चौथ्यांदा बसण्याची वेळ येत असेल तर तो वेळ दुसऱ्या कशाला द्यावा. कारण असेल तर, याचा अर्थ असा की मधल्या काळात काहीतरी बदललेले असावे: शाळेतला ‘अल्जिब्रा २’ हा बीजगणिताचा दुसरा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण झाला, विरामचिन्हांचे प्रश्न आता चुकत नाहीत, असे काही. महिन्याभराने तशाच तयारीनिशी बसणे म्हणजे पहिल्या पत्रातील बाईंच्या शनिवारांची महागडी आवृत्ती. बरीच विद्यापीठे वेगवेगळ्या तारखांच्या परीक्षांतील प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात. त्यामुळे मुलीचे गणित ७६० आणि वाचन ६६० असेल तर दुसऱ्या वेळी सगळा भर वाचनावर देता येतो आणि गणित थोडे घसरले तरी बिघडत नाही. तरी अपवाद आहेत. जॉर्जटाउन सर्व परीक्षांचे सर्व गुण मागते. परीक्षा ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत आणि नंतर मार्च, मे व जूनमध्ये असते. अकरावीच्या वसंत ऋतूत पहिली आणि बारावीच्या आरंभी ऑगस्टमध्ये दुसरी, ही जोडी बहुतेकांना सोयीची पडते, कारण मध्ये शाळा नसलेला उन्हाळा मिळतो. ॲक्टकडे वळण्याचा विचार एकदाच, सुरुवातीलाच करावा: दोन्हींची एकेक अधिकृत सराव परीक्षा द्यावी, जी बरी जाते ती धरावी आणि मग फिरून मागे पाहू नये.

प्रश्न : माझ्या मुलाला एडीएचडी (लक्ष एकाग्र ठेवणे अवघड जाण्याचा विकार) आहे आणि शाळेत त्याला चाचण्यांसाठी जादा वेळ मिळतो. सॅटमध्ये तो आपोआप मिळेल का? (एक आई, मिशिगन)

उत्तर : आपोआप मिळणार नाही. कॉलेज बोर्डाची स्वतंत्र मंजुरी लागते, आणि अर्ज करण्याचा सर्वांत सोपा मार्ग शाळेतील समन्वयकामार्फत आहे. निर्णयाला सात आठवड्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून परीक्षेची नावनोंदणी करण्याच्या कितीतरी आधी, शक्यतो दहावीतच, शाळेशी बोलावे. एकदा मिळालेली मंजुरी सहसा त्यांच्या इतर परीक्षांनाही चालते. मंजुरी आली की सरावही त्याच वाढीव वेळेनुसार करावा, कारण दीडपट वेळेची परीक्षा म्हणजे दीडपट बसणेही आले आणि तेवढा वेळ खुर्चीत बसण्याची सवय आधीच व्हावी लागते. संगणक पूर्ण चार्ज करून आणि चार्जर बरोबर घेऊन जावे. केंद्रावर प्रत्येकाच्या खुर्चीजवळ प्लग असेलच असे नाही, आणि वाढीव वेळ घेणाऱ्याला त्याची गरज इतरांपेक्षा जास्त पडते.